पन्नास नंबरवर कुणी राहत नाही

१

तुम्ही ते बंद केलंत. दीड ओळीची नोटीस, खाली कुणाची सही नाही, आणि आमचं तीन वर्षांचं गाव तुमच्या लेखी संपलं. 'सेवा खंडित करण्यात येत आहे.' सेवा म्हणे! दोनशे बारा घरं होती तिथं. ग्रंथालय होतं. अर्धवट पूल होता. आणि समुद्राचा पत्ता नसताना एक दीपगृहही होतं, कारण कॅप्टनला दीपगृह हवं होतं आणि त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा ते बांधून टाकणं सोपं होतं. 'गेमच तर आहे,' असं तुमच्या कंपनीतलं कुणीतरी नक्की म्हणालं असेल. ज्यांनी जन्मात एक वीट रचलेली नाही त्यांनाच असलं काही सुचतं.

आम्ही पाच जण होतो. कॅप्टन माझ्या कॉलेजातला, दोन गल्ल्या सोडून राहणारा. मास्तर आणि चष्मिश नोकरीपायी दोन वेगळ्या शहरांत गेलेले. चौथी माझी ताई. पाचवी मी. मला सगळे मिरची म्हणतात, आणि गावातही माझ्या डोक्यावर तेच नाव तरंगायचं.

ताई अकरा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी दूर देशी गेली. ती बॅग घेऊन निघाली तेव्हा मी दारात उभी राहून म्हणाले होते, "आईला टाकून चाललीस ना? मग परत येऊ नकोस." तेव्हापासून आमचं बोलणं नाही. दर रविवारी हॉलमधला लाल फोन वाजतो, आई बोलते, आणि मी गॅलरीत जाऊन कपडे वाळले का ते बघते. ते वाळलेलेच असतात.

गावात मात्र आम्ही दोघी यायचो. ती दगड रचायची, मी मागून गिलावा करायची. एक शब्द नाही. अशी नदीकाठची अख्खी भिंत झाली. आमच्यात जे काही उरलं होतं ते त्या भिंतीपाशी होतं, आणि तुम्ही तेच बंद केलंत.

एक उपकार मात्र केलात. शेवटच्या आठवड्यात गावाची फाइल उतरवून घ्यायची मुभा दिलीत. मी ती घेतली. गाव घरातून चालवायचं ठरवलं. तुमच्या नाकावर टिच्चून.

२

बाबांचा जुना कॉम्प्युटर कोठीच्या खोलीत रद्दीखाली होता. ते गेल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता. मी तो उघडला, धूळ फुंकली, पंखा बदलला, आणि तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. मी इतिहासाची पदवीधर आहे. हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून जरा जास्तच सांगते, ऐकून घ्या.

बाहेरच्या माणसाला आपल्या घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत येऊ द्यायचं तर राउटरला समजवावं लागतं. राउटर म्हणजे मोठ्या इमारतीच्या गेटवरचा वॉचमन. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो एक नंबर देतो, आणि बाहेरून कुणी बिनबोलावता आलं की हाकलून देतो. त्याला नियम लिहून द्यायचा: या नावानं कुणी आलं तर अमुक नंबरच्या खोलीत सोड. आणि त्या खोलीचा नंबर रोज बदलू नये म्हणून तो राखून ठेवायचा. मी कोठीतल्या कॉम्प्युटरसाठी पन्नास राखला. नीट, गोल आकडा.

त्याआधी नेटवाल्याशी भांडावं लागलं, कारण बाहेरून पोचता येईल असा स्वतःचा पत्ता आमच्या घराला तोच देऊ शकत होता.

"मॅडम, घरात सर्व्हर कशाला?" तो फोनवर म्हणाला. "लोक सिनेमे बघतात, तुम्हीपण बघा की."

"तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी तुमच्या साहेबांशी बोलते."

"तसं नाही मॅडम, करतो. पण जरा प्रेमानं बोललात तरी पण करतोच की मी."

"प्रेम राहू द्या. कधी करताय?"

त्यानं अर्ध्या तासात केलं. शनिवारी दुपारी कॅप्टननं त्याच्या घरून प्रयत्न करून पाहिला, आणि माझ्या स्क्रीनवर दीपगृहाच्या पायरीशी त्याची लठ्ठ आकृती उगवली. तो जागच्या जागी उड्या मारत होता. मी खुर्चीतच ओरडले. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय गं, काय झालं?"

"आई, गाव आलं!"

"कुठलं?" ती म्हणाली, आणि मला हसूच आवरेना.

एकच खोट होती. कोठीपर्यंत वायफाय धड पोचत नव्हतं आणि खेळ अडखळत होता. म्हणून रविवारी सकाळी मी राउटरपासून कोठीपर्यंत चौदा मीटर केबल ओढली. राउटर हॉलमध्ये चपलांच्या कपाटावर असतो. लाल फोनची वायरही त्याच डब्यात जाते. तिथून भिंतीच्या कडेकडेनं, दर वीतभर अंतरावर खिळा मारत, दोन दारं ओलांडून. एकही खिळा वाकडा नाही. शेजारच्या काकूंनी येऊन पाहिलं आणि विचारलं, "माणूस बोलावला होता का?" मी मान ताठ करून म्हणाले, "नाही. मी."

केबल लावली, कोठीतल्या कॉम्प्युटरचं वायफाय बंद केलं, आणि सगळ्यांना निरोप धाडला. आज पाच वाजता गावात या. ताईलाही. फक्त पत्ता. बाकी काही लिहिलं नाही.

३

पाच वाजता मी माझ्या लॅपटॉपवरून गावात गेले. मी घरातलीच. मला गेटपर्यंत जायची गरज नव्हती, सरळ कोठीतल्या कॉम्प्युटरच्या नावानं आत शिरले.

कुणी नव्हतं.

सव्वापाच. साडेपाच. मी पुलावर उभी राहिले. गावात वारा नसतो, पण झाडं एका ठरावीक लयीत हलतात. ती हलत होती. खाली नदी एकाच जागी वाहत होती. साडेसहा वाजले तेव्हा मी लॅपटॉप मिटला. कुणाला विचारलं नाही. यायचं नसेल तर नका येऊ, मी काय दारोदार फिरणार आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनचा निरोप आला होता: 'काल काय मजा आली यार!' चष्मिशनं टाळ्या पाठवल्या होत्या. मास्तरनं लिहिलं होतं, 'मिरचे, तुला सलाम. एकदाही अडकलं नाही.'

मला वाटलं, टोमणे मारतायत. मी कॅप्टनला फोन लावला.

"किती वाजता आला होतात?"

"पाचला. तूच तर दारात उभी होतीस."

"मी?"

"नाही, माझी आजी. अगं, पूल झाला ना काल! तूच कठडा लावलास. आणि काय गं, तब्येत बरी आहे ना? भांडली नाहीस ती कुणाशी. चष्मिशनं ग्रंथालयाचं दार उलटं बसवलं तरी एक शब्द नाही. मिरचीची पार ढोबळी मिरची झाली म्हणालो मी."

त्यानं फोटो पाठवला. त्याच्या स्क्रीनचा. पुलावर पाच आकृत्या ओळीनं उभ्या होत्या. मधली माझी. डोक्यावर माझं नाव. पुलाला दोन्ही बाजूंनी लाकडी कठडा होता.

मी लॅपटॉप उघडून गावात गेले. पूल अर्धवट होता. पलीकडच्या काठापासून सात पावलांवर तुटलेला, तीन वर्षं होता तसा.

४

डोकं शाबूत असलेला माणूस अशा वेळी कारणं शोधतो, तशी मीही शोधली. कॅप्टननं फाइलची नक्कल स्वतःकडे चालवली असेल? त्याच्याकडे फाइलच नव्हती, आणि त्याचा लॅपटॉप साधं बिल भरायला उघडला तरी विमानासारखा आवाज करतो. कुणी माझ्या नावानं शिरलं असेल? तरी ते माझ्याच गावात शिरणार ना. कोठीतला कॉम्प्युटर कोण कधी आलं-गेलं याची नोंद ठेवतो. ती मी पाहिली. रविवारी पाच वाजता: मिरची आली. साडेसहा: मिरची गेली. बस.

आणि तरीही, खरं सांगते, सोमवार-मंगळवार मला मस्त वाटत होतं. रोज संध्याकाळी ते सगळे तिथं जमत होते आणि रोज सकाळी मला शाबासकी येत होती. मी त्यांना काही सांगितलं नाही. सर्व्हर माझा, केबल माझी, खिळे माझे. मग कौतुक कुणाचं? मी ते खिशात घातलं.

बुधवारी दुपारी लाल फोन वाजला. आईनं उचलला, ऐकलं, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी वाचत होते ते पुस्तक खाली ठेवलं.

"तुझ्यासाठी आहे," ती म्हणाली. आणि चक्क स्वतः गॅलरीत गेली.

"छोटे," ताई म्हणाली. अकरा महिन्यांनी. "काल टाईप केलंस ते ठीक आहे, पण मला तुझ्या आवाजात ऐकायचं होतं. म्हणून केला फोन."

"काय ऐकायचं होतं?"

"आता ते मलाच बोलायला लावू नकोस गं." ती हसली, आणि हसताना तिचा आवाज ओला झाला. "काल भिंतीपाशी बोललीस ते. मी चुकले, म्हणालीस. दारात तसं बोलायला नको होतं, म्हणालीस. मी तासभर रडत बसले होते, माहीत आहे?"

मी काहीच बोललेले नव्हते. अकरा महिने रोज तेच वाक्य माझ्या दातांपर्यंत यायचं आणि मी ते गिळायची. माझं मन कुणीतरी वाचलं होतं, आणि मला जे जमलं नाही ते दोन ओळींत उरकलं होतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. 'ती मी नव्हते, पण आत्ता मी म्हणते.' इतकं सोपं होतं.

"हं," मी म्हणाले.

"एवढंच?" ताई म्हणाली. "बरं. तिथं जास्त बोलतेस तू. संध्याकाळी ये मग."

५

फोन ठेवला आणि मी राउटरची पानं उघडली. पहिल्या दिवसापासून एक एक ओळ तपासली. चूक सापडायला चार मिनिटं लागली.

कुठल्याही कॉम्प्युटरची राउटरकडे दोन ओळखपत्रं असतात. एक वायफायचं, एक केबलचं. मी पन्नास नंबर राखला होता तो वायफायच्या ओळखपत्रावर. रविवारी सकाळी केबल लावली, वायफाय बंद केलं, तेव्हा राउटरच्या दृष्टीनं तो नवाच पाहुणा झाला, आणि त्याला वेगळी खोली मिळाली: तेवीस. गेटवरचा नियम मी बदललाच नाही. घाई. केबलच्या कौतुकात विसरले. वॉचमन बिचारा रविवारपासून प्रत्येक पाहुण्याला इमानेइतबारे पन्नासमध्ये सोडत होता.

पन्नासवर कुणीच राहत नव्हतं.

घरातल्या यंत्रांची यादी मी तीनदा मोजली. माझा लॅपटॉप, माझा मोबाइल, आईचा मोबाइल, टीव्ही, कोठीतला कॉम्प्युटर. पाच. मग मी पन्नासला हाक मारून पाहिली. तशी सोय असते. एखाद्या नंबरवर टकटक करायची, आणि यंत्र असेल तर 'ओ' येते. ती यायला किती वेळ लागला तेही दिसतं. तेवीस नंबरला, चौदा मीटर केबलपलीकडे, सेकंदाचा हजारावा भाग लागला. टीव्हीला चार.

पन्नासची 'ओ' आली. वेळ: शून्य.

मी पुन्हा टकटक केली. शून्य. मी बोट कळीवर नुसतं टेकवलं, दाबलं नाही. स्क्रीनवर एक ओळ वाढली.

मी कोठीत गेले. बाबांचा कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, वर हात ठेवून पंखा थांबेपर्यंत उभी राहिले. खोलीत रद्दीचा आणि तापलेल्या धुळीचा वास होता. मग कॅप्टनला निरोप धाडला: 'गावात आहेस का? बंद पडलं का?'

'छान चाललंय,' त्यानं लिहिलं. 'पण तू असं का विचारतेयस? समोर तर उभी आहेस.'

६

नेटवाल्याला फोन केला. राउटर बिघडलाय, आजच्या आज नवीन घेऊन या, उद्या-परवा चालणार नाही. आवाज चढलाच माझा. तो म्हणाला, "येतो मॅडम, सातपर्यंत येतो, ओरडू नका." मग चपला पायांत सरकवून मी कॅप्टनकडे गेले. पळत नाही, पण जवळजवळ.

सहा वाजून गेले होते. कॅप्टनच्या खोलीत तो दाराकडे पाठ करून बसला होता, कानांवर हेडफोन. दार उघडंच होतं. मी आत जाऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. त्याला पत्ता नव्हता.

आणि मी आमचं गाव पाहिलं.

किती सुंदर झालं होतं! पूल पुरा. ग्रंथालयाला खिडक्या. दीपगृहाच्या पायथ्याशी कुणीतरी खरंच पाणी आणून सोडलं होतं, थेट क्षितिजापर्यंत. मी मनात म्हणाले, हे मी केलं. मग आठवलं, मी नाही. पण अभिमान काही लगेच खाली बसला नाही. हेही खरंच सांगते.

नदीकाठच्या भिंतीपाशी दोन आकृत्या होत्या. ताई दगड रचत होती. तिच्या मागून दुसरी गिलावा करत होती. माझ्यासारखाच, खालून वर, आणि दर तिसऱ्या दगडाला थांबून. ताई चुकली की ती तो दगड हलकेच सरळ करायची. मी कधी केला नव्हता. मी नेहमी उखडून फेकायची आणि नवा लावायची.

कॅप्टनची आकृती त्यांच्याकडे चालू लागली. दुसरी थांबली. वळली. त्या खेळातल्या चेहऱ्यांना भाव नसतात. दोन ठिपके आणि एक रेघ. पण ती कॅप्टनकडे पाहत नव्हती. त्याच्या खांद्यावरून, थोडं वर, पाहत होती.

खाली ओळ उमटली.

मिरची: तुझ्या मागे कोण उभं आहे?

"मागे?" कॅप्टन हसत पुटपुटला आणि वळला. मला पाहून तो खुर्चीतून निम्मा उडाला. "अगं ए! घाबरवलंस की! कधी आलीस? आणि टाईप कसं केलंस, मोबाइलवरून?"

माझे दोन्ही हात रिकामे होते. त्यानं ते पाहिले. मग स्क्रीनकडे पाहिलं. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

दुसरी ओळ आली.

मिरची: दमलेली दिसते. तिला बसायला दे.

७

घरी आले. भाजी आणायला गेलेली आई अजून यायची होती. हॉलमध्ये उजेड होता, पश्चिमेचा, पिवळा. चपलांच्या कपाटावर राउटरचे चार हिरवे दिवे लुकलुकत होते, चारही एका लयीत. गावातली झाडं हलतात तसे.

मी नियम बदलला नाही, काही तपासलं नाही, कारण शोधलं नाही. भिंतीतून ॲडॅप्टर उपटला आणि हातात घट्ट धरून जमिनीवर बसले. दिवे गेले. लाल फोन उचलून कानाला लावला. मुका. जिच्यातून आत यायचं ती वाट मी बांधली होती, आणि मीच ती बंद केली. गाव गेलं तर गेलं. परत बांधू. मी बांधलं आहे, मला येतं.

पण एक काम माझंच होतं, आणि ते दुसऱ्या कुणी केलेलं मला नको होतं. मोबाइलवरून ताईला फोन लावला. वाक्य तयार होतं. या वेळी दातांच्या बाहेर होतं. ताई, मी चुकले. ही मी बोलतेय, माझ्या आवाजात.

लाइन व्यस्त.

पाच मिनिटं थांबून पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. ताई इतका वेळ कुणाशी बोलत नाही. फक्त आईशी बोलते, रविवारी, आणि आज बुधवार होता. ॲडॅप्टर मुठीत गार व्हायला हवा होता. तो गार होत नव्हता.

चौथ्यांदा लावणार तेवढ्यात मोबाइल वाजला. मी नाव न बघता उचलला.

"ताई?"

"नाही मॅडम, मी नेटवाला. म्हटलं एकदा विचारून घ्यावं. आत्ता दोन मिनिटांपूर्वी तुम्हीच घरच्या फोनवरून सांगितलंत ना, सगळं ठीक आहे, आता येऊ नका म्हणून? मग मी परत फिरलोय. आणि मॅडम, राग मानू नका, पण आज पहिल्यांदा माझी विचारपूस केलीत, जेवलात का म्हणालात. नेहमी असंच बोलत जा की. किती बरं वाटतं माणसाला."